संग्रहात असायलाच हवेत असे ब्लूज अल्बम: मोजके दहाच घ्यायचे तर कोणते?

पिंपळपान (नाशिक)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, आज विचारूनच टाकतो.

गेल्या दिवाळीत टर्नटेबल घेतला. लहानपणी मामांकडे तबकड्यांचं एक कपाट होतं. मामा त्यातून एकेक तबकडी ज्या मायेनं बाहेर काढायचे, ते माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही. तसा छोटा, पण नेमका संग्रह करायचा आहे. शास्त्रीय संगीताचा कप्पा हळूहळू भरतोय, कारण तिथे काय घ्यायचं ते कळतं. अडलंय ते ब्लूजपाशी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या गाण्यापाशी.

कॉलेजात रॉक ऐकायचो तेव्हा आवडत्या प्रत्येक गिटारवादकाच्या बोलण्यात तीच नावं यायची: मडी वॉटर्स, रॉबर्ट जॉन्सन, हाउलिन वुल्फ. म्हणजे ही नदी जिथून निघते तिथे एकदा जायला हवं. परदेशी एलपी हातात पडेपर्यंत अडीच-तीन हजारांच्या घरात जाते, म्हणून वर्षभरात दहाच घ्यायच्या ठरवल्यात. सध्या कपाटात दोन आहेत. स्टीव्ही रे वॉनचा 'टेक्सस फ्लड' (१९८३), आणि बी. बी. किंगच्या गाण्यांचं एक संकलन, ज्याच्या पाकिटावर कुठलं गाणं कधीचं एवढंही छापलेलं नाही.

'शंभर सर्वोत्तम' छापाच्या याद्या वाचून गोंधळ वाढला. मला यादीपेक्षा कारणं हवीत. हाच अल्बम का, आणि आधी हाच का. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तंबोरा (मिरज)

दहांचे नंतर पाहू. पहिला एकच सांगतो, म्हणजे कान बसेल. 'लाइव्ह ॲट द रीगल'.

२१ नोव्हेंबर १९६४, शिकागोचे रीगल थिएटर. बी. बी. किंग तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा. गावोगावी, रात्रीमागून रात्री गाऊन तयार झालेला गळा, आणि समोर त्याची गाणी तोंडपाठ असलेला कृष्णवर्णीय श्रोता. हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गिटारकडे माझे लक्षच गेले नाही, मी श्रोत्यांना ऐकत राहिलो. 'हाउ ब्लू कॅन यू गेट' या गाण्यात सात मुलांचा उल्लेख असलेली ओळ येते, तिथे सभागृह असे उसळते की सवाई गंधर्वच्या मांडवात मनासारखी सम पडल्यावर उठणारी दाद आठवावी. ही दाद स्टुडिओत मिळत नाही.

आणखी एक. हा माणूस गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही. ओळ संपली की ल्यूसिल, म्हणजे त्याची गिटार, उत्तर देते. सारंगीच्या साथीवर वाढलेल्या कानाला हे सांगावे लागत नाही. त्याच्या नात्यातला बुका व्हाइट गिटारच्या तारेवर नळी सरकवून वाजवायचा. बी. बी.ला ते जमेना, म्हणून तो नुसत्या बोटानेच तार ताणून, थरथरवून तसा आवाज काढू पाहू लागला. त्यातून जे निघाले ते पुढे जगभरच्या गिटारवादकांनी उचलले.

तुमच्या त्या संकलनाच्या जागी हे ठेवा.

मिशिगनकाठ (शिकागो)

तंबोराकाकांशी पूर्ण सहमत. पण पिंपळपान, एक गोष्ट आधी स्पष्ट व्हायला हवी, नाहीतर तुझे पैसे भलतीकडे जातील. 'अल्बम' हा शब्दच ब्लूजच्या अर्ध्याअधिक इतिहासाला लागू पडत नाही.

१९२० पासून जवळजवळ १९६० पर्यंत ब्लूज निघायचा तो एका बाजूला एक गाणं असलेल्या तबकडीवर. आधी मिनिटाला ७८ फेऱ्यांची, मग ४५ची. तीन मिनिटांत काय ते सांगायचं. लोक ती जुकबॉक्समध्ये नाणं टाकून ऐकायचे. अमुक अल्बम करू या म्हणून मडी वॉटर्स १९५० मध्ये स्टुडिओत गेला नव्हता. त्यामुळे 'संकलन नको, खरा अल्बमच हवा' असा हट्ट धरलास तर तुझ्या कपाटात फक्त साठच्या दशकानंतरचा ब्लूज उरेल, आणि सगळ्यात मोठी माणसं बाहेर राहतील. रॉक ऐकून आलेल्यांकडून ही चूक हमखास होते. माझ्याकडून झाली होती.

म्हणून माझी पहिली शिफारस संकलनच आहे. 'द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स', चेस कंपनी, १९५८. बारा गाणी, सगळी १९४८ ते १९५४ मधली. 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड'मध्ये जवळजवळ एकटा मडी आहे, तारेवर नळी सरकवणारा, अजून मिसिसिपीतच असल्यासारखा. 'हूची कूची मॅन'पर्यंत येताना त्याच्यामागे अख्खी फौज उभी आहे: माउथ ऑर्गनवर लिटल वॉल्टर, दुसऱ्या गिटारवर जिमी रॉजर्स, पियानोवर ऑटिस स्पॅन. खेड्यातलं गाणं शहरात आलं आणि त्याला वीज मिळाली, ते या एका एलपीत ऐकू येतं.

मडीला ऑगस्ट १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क या लोकगीतं गोळा करणाऱ्या दोघांनी स्टोव्हॉल मळ्यावर, त्याच्या राहत्या खोपटात रेकॉर्ड केलं होतं. स्वतःचा आवाज परत ऐकल्यावर आपण तबकडीच्या लायकीचे आहोत हे त्याला उमगलं. १९४३ मध्ये तो गाडीत बसला आणि शिकागोला आला. त्या काळात इलिनॉय सेंट्रल रेल्वेनं असे लाखो लोक इथे आले. कोकणातून गिरणगावात उतरलेल्या चाकरमान्यांच्या गोष्टी माझ्या आजोबांकडून ऐकल्यात, त्यामुळे मडीची गोष्ट मला कधी परक्या मुलखातली वाटली नाही. गावात जे हळू गायलं जायचं ते इथल्या गोंगाटात पोचेना, म्हणून ॲम्प्लिफायर आला.

चेसची जुनी इमारत, २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यू, अजून आहे. तिथे आता चेसचा गीतकार विली डिक्सन याच्या नावानं चालणारी ब्लूजची संस्था आहे. वरच्या मजल्यावरची ती खोली बघताना मी बराच वेळ नुसता उभा होतो. खोली लहान आहे.

पिंपळपान (नाशिक)

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मी संकलनं गाळूनच शोधत होतो. मिशिगनकाठ, मनापासून आभार.

आता एक कबुली देतो. रॉबर्ट जॉन्सन मी तीनदा ऐकायला घेतला आणि तीनदा बंद केला. खरखर खूप, आवाज पातळ, सगळी गाणी सारखीच वाटतात. सगळे त्याला मूळपुरुष म्हणतात, मला मात्र दारच सापडत नाही. नेमकं काय ऐकायचं?

माडाचीसावली (फोंडा)

मी गिटार शिकवतो, म्हणून याचं उत्तर देऊन बघतो.

पहिलं म्हणजे जॉन्सनपासून सुरुवात करू नकोस. आधी दोन महिने मडी ऐक. मडीनं जे पाच जणांत वाटलंय ते जॉन्सन एकटा करतोय, हे तेव्हा कळेल. उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर चालता ठेका धरतो, बाकीची बोटं वरच्या तारांवर गळ्याला उत्तर देतात, आणि यावर तो गातोय. 'कम ऑन इन माय किचन' लाव, दिवे मालव, आणि पहिल्या खेपेला फक्त अंगठा ऐक. दुसऱ्या खेपेला वरच्या तारा. गाणं तिसऱ्या खेपेला. खरखर तोवर आपोआप मागे जाते, जशी मिरजेच्या खाँसाहेबांच्या तबकडीतली जाते. अब्दुल करीम खाँ ऐकताना आपण कुठे खरखरीची तक्रार करतो?

एकूण ऐवज केवढा? २९ गाणी. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोच्या हॉटेलात आणि जून १९३७ मध्ये डॅलसला, बस्स. ऑगस्ट १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी माणूस गेला. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याला गायला बोलावण्याचा जॉन हॅमंड या निर्मात्याचा बेत होता. शोध घेतला तर तो हयातच नव्हता.

तू घेशील ते १९६१ चं 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स'. सोळा गाणी, एकच एलपी. १९९० चा संपूर्ण संच चांगलाच आहे, पण त्यात एकाच गाण्याच्या दोन-दोन आवृत्त्या पाठोपाठ येतात आणि नवा माणूस दमतो. तो अभ्यासाचा संच आहे.

चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची कथा मात्र बाजूला ठेव. ती आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जायची. रॉबर्ट हेझलहर्स्टकडे गेला, आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे बसून शिकला आणि तयार होऊन परतला. त्याच्या मेहनतीचं श्रेय सैतानाला दिलेलं मला सहन होत नाही.

ओवी (कोल्हापूर)

वाचतेय, आणि इतका वेळ वाट बघतेय की कुणी एका बाईचं नाव घेतंय का. नाही घेतलं.

ब्लूजची पहिली गाजलेली तबकडी बाईची आहे. मेमी स्मिथ, 'क्रेझी ब्लूज', ऑगस्ट १९२०, ओके कंपनी. ती खपली म्हणून कंपन्यांना कळलं की काळ्या माणसाच्या गाण्याला गिऱ्हाईक आहे. मग १९२३ मध्ये बेसी स्मिथ आणि मा रेनी आल्या. गिटार घेतलेले एकटे पुरुष गायक मोठ्या संख्येनं रेकॉर्ड होऊ लागले ते त्यानंतर. आपल्याकडेही १९०२ मध्ये ग्रामोफोनच्या कर्ण्यात तोंड घालून गायला पुढे आल्या त्या गौहरजानसारख्या बायकाच होत्या. दोन्हीकडे पाया त्यांनी घातला आणि दोन्हीकडे याद्या पुरुषांच्या निघतात.

पिंपळपान, बेसी स्मिथचं एक संकलन तुझ्या दहांत असलंच पाहिजे. 'सेंट लुइस ब्लूज' (जानेवारी १९२५) पासून सुरू कर. कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटसारख्या वाद्यावर, लुई आर्मस्ट्राँग आहे आणि साथीला एक हार्मोनियम, म्हणजे पायानं भाता मारायची ती मोठी पेटी. मायक्रोफोन नाही, कर्ण्यातच गायलंय. बेसी एक ओळ गाते, ती विसावते त्या जागेत आर्मस्ट्राँग बोलतो. तंबोराकाकांनी बी. बी. आणि ल्यूसिलचं जे सांगितलं, ते चाळीस वर्षं आधी इथे घडलंय.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. दुःख माणसाला सांगितलं तर ते गावभर होतं, म्हणून दगडाला सांगायचं, असं ती म्हणे. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरीत तिचं उत्तर. ती दुसऱ्यांदा येणारी ओळ मला नेहमी जात्याच्या फेऱ्यासारखी वाटते. तेच दुःख पुन्हा फिरून येतं, फक्त थोडं बारीक होऊन.

पिंपळपान (नाशिक)

ताई, माझी चूक झाली. मी तिघांची नावं लिहिली आणि तिन्ही पुरुषांची. बेसी स्मिथ यादीत आली. आणि तुमच्या आजीची गोष्ट वाचून थोडा वेळ पुढचं काही वाचलंच नाही.

माडाचीसावली (फोंडा)

ओवीताईंच्या तीन ओळींच्या मुद्द्याला धरून त्याचं हाड कसं असतं ते सांगतो. ते एकदा कळलं की ऐकण्याचा आनंद दुप्पट होतो.

बारा घरं मोजायची, प्रत्येक घरात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. पहिली चार घरं 'सा'च्या कॉर्डवर, म्हणजे 'सा'वर उभ्या केलेल्या, एकदम वाजणाऱ्या स्वरांवर. मग दोन 'म'वर, दोन परत 'सा'वर. मग एक 'प', एक 'म', आणि शेवटची दोन 'सा', त्यात अगदी शेवटी 'प'कडे झुकून पुन्हा सम. पहिली ओळ 'सा'वर येते. तीच ओळ दुसऱ्यांदा 'म'वर येते, म्हणून शब्द तेच असूनही रंग पालटतो. तिसरी, उत्तराची ओळ 'प'वरून उतरत घरी येते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे बोटं मोजत ऐकायला लावतो, दहा मिनिटांत बसतं.

आणि गंधार! शुद्ध नाही, कोमल नाही, दोहोंच्या मधल्या फटीत कुठेतरी. पियानोवर तो सापडत नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकत्र दाबून तो सुचवतात. गळ्यात आणि तारेवर मात्र तो सहज येतो. आंदोलित गंधार ऐकलेल्या माणसाला हा स्वर कुठून आला म्हणून बिचकायला होत नाही.

यातही अपवाद ऐक. हाउलिन वुल्फचं 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' (१९५६) सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच कॉर्डवर आहे. म, प काही नाही. ह्युबर्ट समलिनची गिटार एकच वळण पुन्हा पुन्हा घेते आणि वर तो गुरगुरणारा गळा, मधूनच लांडग्यासारखी हाक. तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला यात जास्त घरच्यासारखं वाटेल असा माझा अनुभव आहे. वुल्फचे दोन एलपी आहेत, 'मोनिन इन द मूनलाइट' (१९५९) आणि पाकिटावर झुलती खुर्ची असलेला १९६२ चा. दोन्ही संकलनंच. एकच घ्यायचा तर मी खुर्चीवाला घेईन.

सहावीतार (पुणे)

थोडा वेगळा सूर लावतो. धाग्यात सगळे १९६०च्या मागेच चाललेत. पिंपळपानकडे 'टेक्सस फ्लड' आहे आणि तो अल्बम कुणाहून कमी नाही. मी ब्लूजमध्ये स्टीव्ही रे वॉनमुळे आलो, आणि माझ्या पिढीतले निम्मे तरी तसेच आले असतील. जॉन मेयॉलचा एरिक क्लॅप्टनबरोबरचा १९६६ चा अल्बमही घ्यावा. इंग्रज पोरांनी हे संगीत उचललं नसतं तर आपल्यापर्यंत ते पोचलं असतं का?

मिशिगनकाठ (शिकागो)

सहावीतार, पोचवण्याचं श्रेय त्यांचंच, त्यात वाद नाही. रोलिंग स्टोन्सनी नावच मडीच्या १९५०च्या गाण्यावरून घेतलं. पण दहाच जागा आहेत. पिंपळपान मुळाशी जायचं म्हणतोय, आणि रॉकच्या वाटेनं तो हे बरंच ऐकून आलाय. मेयॉलचा अल्बम मला फार आवडतो, तरी दहांत नाही बसवणार.

'टेक्सस फ्लड' मात्र ठेवच, आणि त्याच्या शेजारी अल्बर्ट किंगचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' (स्टॅक्स, १९६७) लाव. वॉननं ज्याच्याकडून सगळ्यात जास्त घेतलं तो हा. अल्बर्ट डावखुरा. उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरायचा, तारा न बदलता. त्यामुळे इतरजण ज्या बारीक तारा वर ढकलतात त्या तो खाली ओढायचा. ओढण्यात जोर जास्त येतो. एक स्वर घेऊन तो दीड-दोन स्वर वर नेतो, वाटेत थांबतो, परत येतो. काका याला मींडच म्हणतील. मागे मेम्फिसचा वादकसंच बुकर टी. अँड द एम.जी.ज आहे, पन्नास वर्षांनंतरही त्यांच्या ठेक्यातली एक मात्रा बदलावीशी वाटत नाही.

तंबोरा (मिरज)

मींडच म्हणतो.

चाळकरी (मुंबई)

गिटारवादक बडी गाय कसा नाही अजून यादीत? २०११ च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला, तेव्हा तो आला होता. वय चौऱ्याहत्तर. इतक्या हळू वाजवायचा की शेजाऱ्याचा श्वास ऐकू यावा, आणि पुढच्या क्षणी सगळं छप्पर डोक्यावर. त्या रात्री घरी आल्यावर झोप लागली नाही.

त्याच्यासाठी ज्युनिअर वेल्सचा 'हूडू मॅन ब्लूज' घे, डेलमार्क, १९६५. हा मात्र संकलन नाही, अल्बम म्हणूनच केलेला आहे. शिकागोच्या क्लबात रात्री जे चालायचं तेच स्टुडिओत आणायचं, एवढाच बेत. चौघेच जण. दुसऱ्या कंपनीच्या करारामुळे पहिल्या आवृत्तीत बडी गायचं नाव छापता आलं नाही, 'फ्रेंडली चॅप' असं छापलं. ध्वनिमुद्रणात त्याचा ॲम्प बिघडला म्हणून काही गाण्यांत गिटार ऑर्गनच्या लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवली आहे. तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज त्यातलाच. रात्री उशिरा ऐकायचा अल्बम आहे हा.

त्याला जोडून मॅजिक सॅमचा 'वेस्ट साइड सोल', तीच कंपनी. सॅम १९६९ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. याबद्दल जास्त लिहीत नाही, पहिलं गाणं लाव.

माडाचीसावली (फोंडा)

थोडं विषयाच्या कडेनं जातोय, पण राहवत नाही.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अंतराळात गेली. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर तिच्यात आहेत, 'जात कहाँ हो', भैरवी. हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच तबकडीवर केसरबाईंच्या लगेच नंतर काय येतं? ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड', १९२७ चं. टेक्ससचा हा आंधळा गायक रस्त्यावर उभा राहून भजनं गायचा. या गाण्यात शब्द नाहीत. तारेवर सरकणारी गिटार आणि तिच्या सोबतीनं नुसतं हुंकारणं.

ही दोन्ही मी पाठोपाठ वाजवतो, विद्यार्थ्यांसाठी आणि स्वतःसाठीही. भैरवीचे कोमल स्वर हवेत असतानाच ती गिटार सुरू होते, आणि काही तुटल्यासारखं वाटत नाही.

नेमकं वर्गीकरण करायचं तर विली जॉन्सन ब्लूज गायक नाही, तो देवाचंच गायचा. दहांत बसव किंवा बसवू नकोस, ऐक मात्र नक्की.

तंबोरा (मिरज)

माडाचीसावली, ही दोन्ही पाठोपाठ आहेत हे मला ठाऊक नव्हते. आज रात्री लावतो.

पिंपळपान, १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या तरुण संग्राहकांनी एक मोलाचे काम केले. १९२८-३१ च्या तबकड्यांवरचे गायक गेले कुठे, म्हणून ते शोधत निघाले. मिसिसिपी जॉन हर्टने एका गाण्यात आपले गाव ॲव्हेलॉन असल्याचे सांगितले होते. त्या एका ओळीवरून १९६३ मध्ये त्याला गाठले. पस्तीस वर्षे तो तिथेच शेतावर राबत होता. स्किप जेम्स १९६४ मध्ये एका इस्पितळात सापडला. सन हाउस रोचेस्टरला सापडला, गिटार सोडून दिलेला, आणि ॲलन विल्सन नावाच्या एका तरुणाने त्याला त्याचीच गाणी पुन्हा बसवायला मदत केली. बापाला त्याचीच चीज पोराने आठवून द्यावी, तसे हे.

यांतले तीन अल्बम: सन हाउसचा 'फादर ऑफ फोक ब्लूज' (१९६५), आणि हर्ट व जेम्स यांचे 'टुडे!' याच नावाचे दोन (१९६६). तिघांचे स्वभाव तीन दिशांना. हाउस म्हणजे अंगात आलेला माणूस. त्याचे 'डेथ लेटर' ऐकताना तारा तुटतील अशी भीती वाटते. हर्ट म्हणजे ओसरीवर बसून नातवंडांना गोष्ट सांगणारा आजोबा, आवाज कधी चढत नाही. जेम्सविषयी काय सांगू. गिटार डी मायनरमध्ये लावलेली, गळा वरच्या पट्टीत, जवळजवळ स्त्रीसारखा. त्याने १९३१ मध्ये ग्राफ्टनला जाऊन रेकॉर्डिंग केले तेव्हा महामंदी होती, तबकड्या खपल्या नाहीत, आणि तो गाणे सोडून निघून गेला. १९६४ च्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो पुन्हा गायला बसला. परत आल्यावर त्याला जेमतेम पाच वर्षे मिळाली.

खरखरीमुळे अडत असाल तर हे तिघे स्वच्छ ध्वनिमुद्रणात मिळतात. मी यांच्याच दाराने आत गेलो आणि नंतर १९३१ कडे वळलो. १९३१ चा स्किप जेम्स जास्त खोल आहे, पण तिथे घाईने जाऊ नये.

मिशिगनकाठ (शिकागो)

काकांनी ग्राफ्टनचं नाव काढलं म्हणून सांगतो. पॅरामाउंट ही कंपनी विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखानदाराची. ग्रामोफोनची लाकडी कपाटं करायचे, ती विकली जावीत म्हणून तबकड्या काढल्या. माल हलका वापरायचे. मूळ साचे नष्ट झाले. चार्ली पॅटनसारखा डेल्टाचा, म्हणजे मिसिसिपीच्या त्या सखल मुलखाचा, आद्य गायक आज ऐकू येतो तो लोकांच्या घरी झिजलेल्या प्रतींवरून.

यामुळे विकत घेताना जपावं लागतं. स्वस्त संकलनांत खरखर काढायच्या नादात वरचे स्वरच कापून टाकलेले असतात. गिटारची तार लोकरीत गुंडाळल्यासारखी ऐकू येते. त्यापेक्षा खरखर परवडली. आधी मोबाइलवर त्याच आवृत्तीतलं एखादं गाणं ऐक, मग पैसे दे. चेसचे जुने एलपी मोनोमध्येच घे. मागाहून बनवलेल्या नकली स्टीरिओत लिटल वॉल्टरचा माउथ ऑर्गन एका कानाला चिकटून बसतो.

आणि हो, लिटल वॉल्टर! माउथ ऑर्गन आणि माइक दोन्ही ओंजळीत धरून ॲम्पमधून काढलेला तो सॅक्सोफोनसारखा भरदार आवाज. १९५२ मध्ये 'ज्यूक' आठ आठवडे कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिलं होतं, शब्दाविना. त्याचंही 'बेस्ट ऑफ' घे.

सहावीतार (पुणे)

काल 'टेक्सस फ्लड' संपल्यावर लगेच अल्बर्ट किंग लावला. मिशिगनकाठ, माझा मुद्दा मागे घेतो. वॉनवरचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही, पण त्याचं बोलणं कुणाकडून आलंय ते पहिल्यांदा कळलं.

चोर बाजारात, मटण स्ट्रीटला, कधीमधी परदेशी एलपी येतात. पाकिटावर जाऊ नका, तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरून बघा. मागे मी ऑनलाइन मागवलेली एक सीलबंद एलपी वाकलेली निघाली आणि दुकानदारानं परत घेतली नाही. तेव्हापासून शक्य तिथे हातात घेऊनच घेतो.

पिंपळपान (नाशिक)

मंडळी, तीन महिन्यांनी धागा वर काढतोय. सगळ्यांचं म्हणणं वहीत उतरवून, आधी मोबाइलवर ऐकून, मग चार एलपी घेतल्या.

पहिली 'रीगल'. दुसरी मडीचं 'बेस्ट ऑफ'. तिसरी बेसी स्मिथ. चौथी मिसिसिपी जॉन हर्ट, जी माझ्या मूळ यादीत कधीच नव्हती. ती लावली तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. दोन गाणी झाल्यावर म्हणाली, 'हा रागावत नाही का कधी?' आता संध्याकाळी तीच लावायला सांगते.

रॉबर्ट जॉन्सन अजून घेतला नाही, पण माडाचीसावली, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन महिने मडी ऐकून मग 'कम ऑन इन माय किचन' लावलं. अंधारात, आधी अंगठा, मग वरच्या तारा. तिसऱ्या खेपेला गाणं ऐकताना मध्येच तो आवाज खाली आणून वारा ऐकू येतोय का असं कुजबुजल्यासारखं विचारतो, तिथे अंगावर काटा आला. खरखर होतीच. पुढची एलपी तीच.

उरलेल्या पाच अशा: वुल्फ खुर्चीवाला, 'हूडू मॅन ब्लूज', अल्बर्ट किंग, स्किप जेम्स, लिटल वॉल्टर. दहा भरल्या. मॅजिक सॅम पुढच्या वर्षी. काही चुकत असेल तर सांगा.

ओवी (कोल्हापूर)

दहांत एकच बाई. अकरावी जागा मेम्फिस मिनीसाठी ठेव, पुढच्या वर्षापर्यंत थांबू नकोस. स्वतः गिटार वाजवायची, आणि भल्याभल्या पुरुषांच्या तोडीची वाजवायची. १९४१ चं 'मी अँड माय शॉफर ब्लूज' आधी ऐक. ते आवडलं की १९२९ चं, मिसिसिपीच्या महापुरावरचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. आणि आईंना जॉन हर्ट आवडला असेल तर तेही त्यांच्या समोरच लाव. काय म्हणाल्या ते इथे लिही.